मधोमध एकदम दणकट

प्रिय टिल्लू,

स्वतःच्या बोटीचा कप्तान असलेल्या सहा फुटी माणसाला टिल्लू म्हणू नये, एवढं मलाही कळतं. पण तू रविवारपासून माझा फोन उचलत नाहीस, आणि बहिणीचा फोन न उचलणारा माणूस कितीही उंच असला तरी माझ्या लेखी टिल्लूच. म्हणून हे पत्र. बंदराच्या फाटकावरचा पहारेकरी माझ्या ओळखीचा आहे. तुझ्याच हातात देईन, असं त्याने कबूल केलंय. हातात पडल्यावर तू ते फाडून पाण्यात टाकशील की काय, याची हमी तो देऊ शकत नाही आणि मीही नाही. टाकायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग टाक. मोठ्या बहिणीचं एवढं एक ऐकलंस म्हणून तुझ्या कप्तानकीला काही बट्टा लागणार नाही.

आधी घरचं सांगते, म्हणजे मी भांडायला बसलेली नाही हे तुला पटेल. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. तिने भिंगरीसाठी स्वेटर विणायला घेतलाय आणि तो वाढत वाढत असा झालाय की तुझी लेक त्यात दोनदा मावेल. मी तसं म्हणाले तर म्हणते, पोर वाढेल की गं. तुम्ही तिघं परवा सकाळी माल घेऊन निघणार, पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत मधे नुसता मोकळा समुद्र, हे तिला ठाऊक आहे. बोटीचा तळ झिजून किती पातळ झालाय ते मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण मी सांगायला लागले की ती टाके मोजायला लागते. एकदा नेटाने सांगितलंच. तर सुया मांडीवर ठेवून तिने मला विचारलं, तुला त्याचं बरं झालेलं बघवत नाही का? लहानपणी तू पडलास की जमीन वाईट असायची आणि मी पडले की माझी चाल. त्यात अजून काही फरक पडलेला नाही. मी वाईट वाटून घ्यायचं कधीच सोडलंय, पण या वेळी वाटलंच.

तुलाही वाटतं, ताईला माझी बोट आवडत नाही. अरे, असं कसं होईल? तुझी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर दोर ओढण्यात गेली. कुणाकुणाच्या शिव्या खात तू सुकाणूपर्यंत पोचलास. मग ही जुनी लोखंडी बोट विकायला निघाली आणि तू होतं नव्हतं ते सगळं तिच्यात घातलंस. तुझी बायको शाळेची नोकरी सोडून तुझ्यामागे पाण्यावर राहायला आली. मी तिला अजून मास्तरीणच म्हणते आणि ती अजून माझ्या बोलण्यातल्या चुका काढते. तुम्ही खिडक्यांना निळे पडदे लावलेत, मागच्या केबिनमध्ये भिंगरीची खाट बसवलीत, आणि झोपल्या झोपल्या मासे दिसणारी जगातली एकमेव खाट आपलीच, असं ती येईल त्याला सांगत सुटली. सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून मी तुमच्याकडे का यायचे, काय वाटतं तुला? तुझा तो कडू चहा प्यायला? तुम्हा तिघांना त्या एवढ्याशा जागेत एकमेकांना ढकलत हसताना बघून माझा आठवडा बरा जायचा.

तर गेल्या महिन्यात तू बोट सुक्या गोदीत चढवलीस. तळाची तपासणी झाल्याशिवाय लांबचा माल मिळणार नव्हता. ती तपासणी म्हणजे माझं रोजचं काम, पण नातेवाइकाच्या बोटीला आपण हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो चांगलाच आहे. म्हणून आमचा दाढीवाला गेला. माणूस सरळ आहे, कामचुकार नाही, कुणाकडून चहासुद्धा घेत नाही. त्याने बोट पास केली. तू तिला रंग दिलास, पाण्यात सोडलीस आणि त्याच संध्याकाळी मला फोन केलास. किती खूश होतास! म्हणालास, ताई, तुमचं ते अल्ट्रासोनिक का काय ते झालं बरं का, आतल्या फासळ्यांच्या कडेला पत्रा जरा झिजलाय, चार मिलिमीटरच्या आसपास, पण मधोमध एकदम दणकट, पाचाच्या वर! मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि तशीच खुर्चीत बसून राहिले.

का ते तू रविवारी मला धड सांगू दिलं नाहीस, म्हणून इथे सांगते. इथे तू मधेच बोलू शकत नाहीस, तेवढाच माझा फायदा. आमच्या यंत्राला एक वायर असते आणि वायरीच्या टोकाला बाटलीच्या बुचाएवढा प्रोब. रंग आणि गंज खरवडून पत्रा उघडा करायचा, त्यावर जेलचा थेंब सोडायचा, कारण मधे हवा राहिली तर आवाज पत्र्यात शिरतच नाही, आणि वर प्रोब टेकवायचा. माणसाला ऐकू न येणारा आवाज पत्र्यात जातो, पलीकडच्या अंगावर आपटतो आणि परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र जाडी सांगतं. बस, एवढंच. त्यात कसली जादू नाही आणि तू म्हणतोस तसं ते बोटीची नाडी बघणंही नाही. पण प्रोब एकाच जातीचा नसतो. जाड, खडबडीत पत्र्याला मोठा लागतो, पातळ पत्र्याला लहान. मोठ्या प्रोबखाली फारच पातळ पत्रा आला तर आवाज इतक्या चटकन परत येतो, की यंत्र अजून ऐकायला तयारच झालेलं नसतं. पहिली खेप हुकते. तोच आवाज पुन्हा पत्र्यात जाऊन दुसऱ्यांदा परत येतो, तेव्हा तो यंत्राला सापडतो. दोन खेपांचा वेळ एका खेपेचा समजून यंत्र बिचारं अगदी प्रामाणिकपणे दुप्पट जाडी दाखवतं. म्हणजे जिथे अडीच उरलंय तिथे पाच. दाढीवाल्याकडे त्या दिवशी मोठा प्रोब होता. तुझा पत्रा नवा होता तेव्हा सहाचा. कडेला चारपर्यंत झिजलेला पत्रा दोन फासळ्यांच्या मधोमध, जिथे पाणी जास्त साचतं तिथे, पाचाच्या वर कसा असेल? पत्रा झिजतो, गंजतो, त्याला खड्डे पडतात, पण वाढलेला मी आजवर एकही पाहिलेला नाही. तू ज्या आकड्यावर नाचत होतास, त्या आकड्यानेच मला खुर्चीत बसवलं.

म्हणून रविवारी आले. बिस्किटांच्या डब्याखाली माझं यंत्र आणि लहान प्रोब घेऊन आले, हे खरं आहे. चोरून आले असं तू म्हणालास तेही खरं. तू डिझेल आणायला गेला होतास. मास्तरीण स्वयंपाकात होती. केबिनमध्ये तळाला हात पोचेल अशी एकच जागा आहे, भिंगरीच्या खाटेखालची. मी तिथल्या दोन फळ्या उचलल्या. मोरीतलं पाणी ठिबकून तिथेच साचत असणार. नव्या रंगाखाली नुसता गंजाचा पापुद्रा. नाण्याएवढी जागा खरवडली, जेल लावलं, प्रोब टेकवला. आकडा बघायला मान वळेना इतकी अडचण, तेव्हा भिंगरी म्हणाली, आत्या, मी वाचू? मास्तरणीने तिला नुकतेच दशांश शिकवलेत ना. खाटेवर पालथी पडून, डोकं खाली लोंबकळत ठेवून, ती एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागली. दोन पूर्णांक सहा. दोन पूर्णांक चार. दोन पूर्णांक एक. मी प्रोब सरकवत राहिले आणि ती अगदी वर्गात उभी असल्यासारखी खणखणीत वाचत राहिली. एकही दशांश चुकली नाही म्हणून मी तिला शाबासकी दिली. टिल्लू, त्या क्षणी माझ्या तोंडून शाबासकी कशी निघाली ते मला माहीत नाही. तिच्या उशीपासून त्या पत्र्यापर्यंत माझा एक हात पुरत होता.

पुढचं तुला माहीत आहे, कारण तू शिडीवर उभा होतास आणि शेवटचे दोन आकडे तूही ऐकलेस. मी भोकं शोधायला जन्माला आलेय, असं तू म्हणालास. सगळ्या बंदराला जे पटलंय ते मला एकटीला पटत नाही म्हणालास. मग बाबांची हातोडी काढलीस. ती तू जपून ठेवलीयस, हे बघून मला रागातही बरं वाटलं. आठवतं, आपण दोघं त्यांचा डबा घेऊन गोदीत जायचो? त्यांच्या वेळी यंत्र कुठलं आलं! बोटीच्या पोटाखाली उकिडवे बसून, डोळे मिटून, ते पत्रा ठोकत जायचे. ठण्ण वाजलं की पुढे सरकायचे, बद्द वाजलं की खडूने फुली. डबा थंड झाला तरी त्यांचं लक्ष नसायचं. तू बोटीकडे बघत बसायचास आणि मी फुल्यांकडे. आपल्या दोघांचे धंदे तिथेच ठरले असणार. रविवारी तू त्याच हातोडीने ठोकलंस आणि म्हणालास, ऐक, आहे की नाही ठणठणीत? पण बाबा खांद्यातून हात फिरवायचे रे. ते ठोकायचे, तू थोपटलंस. मी म्हणाले, मार की जोरात, बाबांसारखा मार. पत्रा वाजला तर मी तुझी माफी मागते आणि घरी जाते. तू हातोडी परत खिळ्याला अडकवलीस. रंग अजून पक्का सुकला नाही, असं म्हणालास. मास्तरीण दारात उभी होती. तिने तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, स्वच्छ असलेलीच.

तिथून निघाल्यापासून मी काय काय केलं ते तुला सांगितलं तर तू हसशील. सोमवारी दाढीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, सकाळी जाडी आधीच ठाऊक असलेल्या नमुन्याच्या ठोकळ्यावर यंत्र लावून बघितलं होतं, अगदी बरोबर दाखवत होतं. ठोकळा जाड असतो, त्याच्यावर बरोबरच दाखवणार! मी तुझे आकडे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मग खाली मान घालून म्हणाला, मालकाने बोलावलं तर मी उद्याच्या उद्या लहान प्रोब घेऊन जातो, पण मालकाने बोलवायला हवं. आमच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, तुम्ही सख्ख्या बहीण, तुमचं रीडिंग मी कसं धरू? उद्या दुसऱ्या कुणाची बहीण बोट पास करायला आली तर तेही धरू का? त्यांच्या खुर्चीत मी असते तर हेच म्हणाले असते. बंदराच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गोड आवाजात सांगितलं, की बोटीची कागदपत्रं चोख आहेत आणि फेरतपासणी मालकालाच मागता येते. शेवटी मंगळवारी तोंडावर रुमाल धरून निनावी फोन केला. आवाज घोगरा काढला. अमुक बोट धोकादायक आहे, तिला सोडू नका. पलीकडून त्याच बाई म्हणाल्या, ताई, तुम्हाला सर्दी झालीय का? मी फोन ठेवून दिला. चारी वाटा फिरून तुझ्याच दारात येतात आणि दार तू आतून लावून घेतलंयस.

तू का लावून घेतलंस तेही मला कळतं, म्हणून तर मला तुझा धड रागही करता येत नाही. दोन-चार पत्रे बदलून भागण्यासारखं असतं तर तू रविवारीच होकार दिला असतास. पण हा सगळा तळच बदलायचा आहे. म्हणजे बोट पुन्हा गोदीत चढवायची, केबिन मोडायची, खाट, पडदे, सगळं उचकटायचं, आणि त्यानंतरही जुन्या फासळ्या नव्या पत्र्याला धरतील की नाही कोण जाणे. हंगाम गेला की माल दुसऱ्याच्या बोटीत जाणार आणि पुढच्या वर्षी तुला कुणी विचारणार नाही. माझं खरं मानायचं तर तुझ्याकडे बोट उरत नाही, घर उरत नाही, कप्तानकी उरत नाही. दुसऱ्याचे दोर पुन्हा ओढायला जायचं, या वयात. आणि त्या दाढीवाल्याचं खरं मानायचं तर सगळं आहे तसंच राहतं. तुझ्या जागी मी असते तर कुणाचं मानलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारून बघितला. उत्तर काही चांगलं आलं नाही.

आणि मी तरी छातीठोकपणे काय सांगू शकते? तू ओरडलास ना, की सांग, बुडणार आहे का माझी बोट, हो की नाही? मी गप्प राहिले आणि तू जिंकल्यासारखं बघितलंस. अरे, मला ते सांगता येत नाही. याच्यापेक्षा वाईट तळाच्या बोटी मी तरंगताना बघितल्यात. क्रेनने वर उचलताना नुसत्या पट्ट्याच्या दाबाने फाटलेला तळही बघितलाय, आणि तो याच्यापेक्षा बरा होता. समुद्र शांत राहिला, माल हलला नाही, कुठे ओंडका आपटला नाही, तर तुम्ही मजेत पोचाल आणि भिंगरी मला तिकडून शिंपले पाठवेल. तसंच होवो. मला फक्त किती उरलंय ते मोजता येतं. तेवढं पुरेल की नाही ते मोजणारं यंत्र कुणी केलेलं नाही. बुडणारच आहे असं सांगता आलं असतं ना, तर मी तुझ्या दोरांवर आडवी पडले असते, आईला घेऊन आले असते, सगळ्या बंदरासमोर तमाशा केला असता. कदाचित बुडेल, या शब्दांवर कुणी तमाशा करू देत नाही.

काल मास्तरीण बाजारात भेटली. भेटली म्हणजे भेटायलाच आली होती; भाजीच्या पिशवीत भाजी नव्हतीच. तुला हे सांगितल्याबद्दल तिच्यावर चिडू नकोस. खरंच इतकं पातळ आहे का, हे तिने मला एकदाही विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, की ताई, पाणी आलंच तर आधी कुठे बघू? मी तिला त्याच फुटपाथवर उभ्या उभ्या सगळं समजावलं. खाटेखालच्या फळ्या ठोकून बंद करायच्या नाहीत, तासा-तासाला हात घालून बघायचं, ओल आणि पाणी यांतला फरक बोटांना कसा कळतो ते. भोक पडलं तर आधी रबर, त्यावर फळी, फळीला लाकडाचा टेकू, आणि टेकू पाचरीने आवळायचा. ती ओठ हलवत पाठ करत होती, पोरं कविता पाठ करतात तशी. तू मागे राहा, असं मी म्हणाले. तर म्हणाली, मी राहिले तर तो एकटा जाईल, मग सुकाणू सोडून पंपावर कोण बसणार? रबर, फळ्या, पाचरी आणि लवकर घट्ट होणारं सिमेंट, असं सगळं एका पोत्यात भरून मी पहारेकऱ्याकडेच ठेवलंय. ते तरी घेऊन जा. मला वाईट वाटू नये म्हणून घेऊन जा, वाटल्यास.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. हे पत्र तुला थांबवण्यासाठी नाही. तू जाणार हे मला कळून चुकलंय, आणि तुझ्यामागे मास्तरीणही येणार हेही. मला एकच मागायचं आहे, आणि तोंडाने मागता येईना म्हणून एवढी पानं भरत इथपर्यंत आले. भिंगरीला माझ्याकडे ठेवून जा. या एका फेरीपुरती. असं मागणं म्हणजे तुम्ही दोघं परत येणार नाही असं धरून चालणं आहे, हे मला कळतं, आणि हे लिहिणारा माझाच हात मला परक्या बाईचा वाटतोय. मास्तरणीला मी हे विचारलेलं नाही. तिने हो म्हटलं असतं तर तुझ्याबरोबर जायचं तिचं बळ गेलं असतं, आणि नाही म्हटलं असतं तर मी कुणाकडे बघितलं असतं? म्हणून तुला विचारतेय. माझं म्हणणं पटलंय असं तू कबूल करायची गरज नाही. मी कुणाला सांगणार नाही, तुलाही पुन्हा कधी बोलून दाखवणार नाही. पोरीला काहीही कारण सांग. आत्याला एकटं वाटतं म्हण. ते खोटंही नाही. ती रडेल, मला दोन दिवस कट्टी करेल, करू दे. परवा उजाडायच्या आत मी धक्क्यावर येते. ती तुझा हात धरून उतरली तर मी तिला घेईन आणि एक अक्षर बोलणार नाही. नाही उतरली, तर मी काय करणार रे टिल्लू? हात हलवत उभी राहीन, तिला जितक्या लांबून दिसेल तितक्या लांबपर्यंत.

तू रागावलास तरी तुझीच,
ताई